टोचलेल्या हातावरचं पाणी

चैत्रातल्या एका बुधवारी सकाळी माझ्या जावेची मुलगी वारली. ती चार वर्षांची होती. तिला देवी आल्या होत्या. दुपारी तिचे वडील आणि माझे यजमान तिला मळ्यात घेऊन गेले. संध्याकाळी घरात चूल पेटली नाही.

एवढं लिहून मी थांबले होते. मधे बरेच दिवस गेले. जाऊबाई होत्या तोवर हे कागदावर आणायचा विचारही मी केला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणजे त्यांच्या नजरेस पडायची भीती नव्हती. पण एका छपराखाली राहून असं लिहिणं म्हणजे त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखं झालं असतं. आता त्या नाहीत. मीही हळूहळूच लिहिते आहे. एखादं वाक्य लिहिलं की वाटतं, आजच्यापुरतं पुरे.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याहून पायी तासाभराच्या वाटेवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि पोलीस ॲक्शनला अजून पाच-सहा वर्षं अवकाश होता. मी जालन्याची. वडील एका जिनिंगमध्ये कारकून होते, त्यामुळे माझ्या मराठी चार यत्ता झाल्या होत्या आणि हाती पडेल ते वाचायची सवय लागली होती. लग्न होऊन खेड्यात आले तेव्हा विहिरीवर बायका मला बघायला थांबल्या.

"वाचती म्हने ही," एक म्हणाली. "मंग भाकर बी वाचूनच करती का काय?"

सगळ्या हसल्या. जाऊबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांनी घागर डोक्यावर चढवली आणि चालता चालता म्हणाल्या, "करती ना. तुझ्यापरीस पातळ करती." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. मी त्यांना बाई म्हणे.

बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांचं माहेर हसनाबादचं. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, गालांवर दाट, कपाळावर विरळ. लहानपणी त्यांना आणि त्यांच्या भावाला एकदमच देवी आल्या. भाऊ पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेला. त्याचं काही करायला कुणाला सवडच मिळाली नाही. बाईंच्या आईनं मग मुलीपाशी ठाण मांडलं. तांब्याच्या कळशीत कडुलिंबाचा पाला घालून पाणी ठेवायचं, ते सकाळ-संध्याकाळ अंगावर शिंपडायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आलेली देवी थंड झाली की ती आपल्या पावलांनी निघून जाते, असं आमच्याकडे मानत. बाईंच्या अंगावरून ती तशी गेली. "मायनं मला थंड केलं म्हून मी हाये," असं त्या म्हणत. त्यात भाविकपणाचा आव नसे. माहेरच्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे कुणी सांगावं तसं त्या ते सांगत.

मुलगी माझ्याजवळ निजत असे. मला तेव्हा मूल नव्हतं. गावात दुकान एकच, मारवाड्याचं. मीठ-हळदीच्या पुड्यांना तो कुठून कुठून आलेली रद्दी वापरी. कधी मोडी, कधी उर्दू, कधी छापील मराठी. मुलगी ते कागद गुडघ्यावर घासून सरळ करी आणि माझ्यापाशी आणी.

"काकी, ह्यो काय म्हनतो?"

मला उर्दू वाचता येत नसे. मग मी मनचंच सांगे. हा म्हणतो, एका गावात एक शेळी होती. दुसऱ्या दिवशी ती तोच कागद घेऊन येई, आणि माझ्या शेळीची चुकून गाय झाली असली तर कागद माझ्या हातातून काढून घेई. "काल आसं न्हाई म्हनला," ती म्हणे. रागावून नाही, माझी चूक दुरुस्त केल्यासारखं.

तिच्याबद्दल एवढं पुरे. जास्त लिहिलं तर पुढचं लिहून होणार नाही.

देवी टोचणारा माणूस सरकारातून येत असे, थंडीच्या दिवसांत. गावात त्याला टीकेवाला म्हणत. उंच, वाकलेला, खाकी कोट घातलेला, बोलणं सगळं दखनी. माझ्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात तो येऊन गेला होता. मुलगी तेव्हा आईबरोबर हसनाबादला होती, म्हणून राहिली. त्या खेपेला आमच्या शेजारणीच्या मुलाला त्यानं टोचलं आणि म्हणाला, "कुछ नै होता माँ, चिंटी काटे सरीका." पुढे आठवड्याभरात त्या मुलाचा दंड सुजून लाल झाला, काखेत गाठ आली, अंग तापलं. मुलगा रडून रडून निळा पडला. मग खपली धरली आणि तो बरा झाला. पण बरं झाल्याचं शेजारीण विसरली आणि ताप तिच्या ध्यानात राहिला. तो ताप मी आल्यावरही वर्षभर रोज विहिरीवर ऐकत होते.

"काही व्हत न्हाई म्हनला व्हता मुडदा," ती सांगे. "व्हत न्हाई तर मंग माझ्या लेकराचं जे झालं ते काय व्हतं?"

बायकांनी ह्याचं आपापसात उत्तर काढलं ते असं, की टोचणं म्हणजे देवीला हातात बोलावून बसवणं. ती शांत बसली तर बरं. शेजारणीनं तिची काही सोय केली नाही, म्हणून ती कोपली.

पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा दवंडी झाली. पाटलाचा हुकूम होता, त्यामुळे मुलं लपवणं शक्य नव्हतं. चावडीपुढे रांग लागली. टीकेवाल्यानं चटईवर बसून काचेच्या बारीक नळ्या काढल्या. मुलगी बाईंच्या कडेवर होती आणि सगळं निरखून पाहत होती.

"ह्याच्यात काय हाये?" तिनं त्यालाच विचारलं.

"दवा हय बेटी."

"कडू हाये का?"

"खाने की नै." तो हसला, आणि तिचा दंड पुसता पुसता बाईंकडे न बघता म्हणाला, "कुछ नै होता माँ. घर को लेके जाव, खाना खिलाव, बस."

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून घेत होत्या. हे वाक्य त्या आधी ऐकून चुकल्या होत्या.

चावडीवरून कुणीच सरळ घरी गेलं नाही. गावाबाहेर मरीआईचा ओटा आहे, तिथे कळशा आधीच भरून ठेवल्या होत्या. कडुलिंबाचा ताजा पाला त्यात बुडवलेला. बायका एकेक करून मुलांचे दंड त्या पाण्यानं धूत होत्या. कुणाच्या मनात सरकारला फसवायचं नव्हतं. शेजारणीच्या असेल थोडं. ती चोळून चोळून धूत होती. बाईंनी तसं केलं नाही. ओंजळीत पाणी घेऊन टोचल्या जागेवर त्यांनी ते हळू सोडलं, पुन्हा पुन्हा. मग पदरानं टिपलं, दहीभाताचा घास ओट्यावर ठेवला आणि मुलीचा हात आपल्या कपाळाला लावला.

येताना त्या मला म्हणाल्या, "दारात आलेल्या मानसाला आपन आधी पानी देतो. ही तर देवी. तिला कोरडं कसं बसवावं?"

माझ्या दंडावर टोचल्याचे वण होते. बाईंनी मला आधी विचारलंही होतं, तुला काय झालतं म्हणून. मला तान्हेपणी टोचलेलं. तेव्हा ताप आला की नाही, हात सुजला की नाही, हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तेच मी त्यांना सांगितलं.

मुलीचा हात उठला नाही, म्हणजे टोचल्या जागी फोड आला नाही. दोन दिवस बारीक ओरखडे दिसले, मग तेही गेले. गावातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचं असंच झालं, आणि घराघरात समाधान होतं. फक्त मारवाड्याच्या नातवाचा दंड सुजला, त्याला ताप भरला. त्यांच्याकडेही देवीला मानतात, पण त्यांची रीत उलटी. आजारी मुलाच्या अंगाला पाणी लावायचं नाही, आदल्या दिवशीचं थंड अन्न खायचं. शेठाणीनं मुलाचा हात कोरडा ठेवला होता. आमच्या बायका तिच्या दारी जाऊन हळहळून आल्या. "काय करावं," शेजारीण म्हणाली, "पैसा हाये, पन देवीचं कसं करावं ते ठावं न्हाई बिचारीला."

आठेक दिवसांनी टीकेवाला हात पाहायला आला. एकामागून एक कोरे दंड पाहून त्याचं तोंड उतरत गेलं.

"पानी लगाये क्या?"

"न्हाई बा," बायका म्हणाल्या.

"नै उठा इनका. फिर से टोचना पडता."

"ऐकलं का," शेजारीण मागून म्हणाली, "उठलं तरी ह्याला दुख, न्हाई उठलं तरी दुख. पाह्यजे तरी काय ह्याला?" हशा झाला. ज्वारीची कामं चालली होती, पाटलालाही घाई होती. फिरून येतो असं सांगून टीकेवाला गेला. पुढे कुठे तरी पटकीची साथ लागली आणि त्याला तिकडे धाडलं, असं कानावर आलं. त्या हंगामात तो परत आला नाही.

पुन्हा टोचावं लागेल म्हणाला, पण कोरा हात म्हणजे टोचणं वाया गेलं, हे त्यानं उलगडून सांगितलं नाही. पाणी का लावायचं नाही, हेही सांगितलं नाही. आमच्या लेखी कोरा हात म्हणजे देवी प्रसन्न झाल्याची खूण होती. बाईंनी त्या आठवड्यात मरीआईला चोळीचा खण वाहिला.

चैत्रात देवी खरोखरच आली. आधी गावाच्या खालच्या अंगाला दोन घरांत, मग आमच्यात. मुलीला ताप भरला, तिसऱ्या दिवशी तोंडावर पुरळ दिसलं. बाईंना पाचवा महिना होता. त्यांना देवी येऊन गेलेल्या, म्हणून भीती नव्हती. त्यांनी मुलीला माझ्याजवळून उचलून आपल्या खोलीत नेलं आणि त्यांची आई जशी बसली होती तशा त्या बसल्या. मी पाला आणून देई, कळशी भरून देई. फोडणी बंद झाली. घरात आम्ही सगळे खालच्या आवाजात बोलत होतो. मुलीचं अंग फोडांनी भरत गेलं, डोळे उघडेनासे झाले. शेवटी शेवटी तिला पाणी गिळता येत नव्हतं, पण बाई तिच्या अंगावर पाणी शिंपडत होत्या.

ती गेल्यावर चार-सहा दिवसांनी मी मिठासाठी दुकानावर गेले. मारवाड्याचा नातू पायरीवर बसून चिंचोके खेळत होता. अंगावर एक फोड नव्हता. मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. शेठाणीच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं त्याला हाक मारून आत घेतलं.

त्या साथीत गावातली बरीच मुलं गेली. लोक म्हणू लागले, टोचल्यानंच हे झालं. बोलावून आणलेली देवी परत नेली नाही, ती तशीच गावात राहिली. बाई काम करत, जेवत, आणि कुणी मुलीचं नाव काढलं की उठून गोठ्यात जात. श्रावणात त्यांना मुलगा झाला. सासूबाईंनी गूळ वाटला. बाईंनी मुलाला पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा आधी त्याचे दोन्ही दंड अंगठ्यानं चाचपून पाहिले. मी तिथेच होते.

दिवाळीनंतर त्या एका दुपारी मला म्हणाल्या, "चल गं, शेठानीकडं जाऊन यू."

मला वाटलं, काही आणायचं असेल. शेठाणी मागच्या पडवीत डाळ निवडत होती. बाई तिच्यासमोर बसल्या आणि कसलेही आढेवेढे न घेता म्हणाल्या, "तुमच्या नातवाला टोचलं तवा काय काय झालतं, ते मला सांगा. पैल्या दिसापासून."

शेठाणी घाबरली. ती म्हातारी बाई, अर्धी मारवाडी अर्धी मराठी बोलायची. तिला वाटलं, ही आता भांडणार. पण बाई वाट बघत बसल्या. मग तिनं आठवून आठवून सांगितलं. आधी काही नाही. मग लाल टिपका. मग त्यात पाणी धरलं, फोड मोत्यासारखा झाला. मग भोवती लाली, दंड गरम, काखेत गाठ, दोन दिवस ताप. मग फोड काळा पडून खपली झाली, आणि ती आपोआप गळली.

"आन् तुम्ही पानी घातलं न्हाई."

"ना. म्हारे यहाँ पानी कोनी लगावे, आमी लावतच नाई."

बाईंनी मान हलवली. येताना त्या बोटांच्या पेरांवर दिवस मोजत होत्या. मी समजले की त्यांना काही तरी कळत आलं आहे, आणि त्यांना ते कळू नये असं मला वाटत होतं.

पौषात टीकेवाला आला. ह्या खेपेला दवंडी होऊनही चावडीपुढे थोड्याच बायका आल्या, त्याही पाटलाच्या धाकानं. आमच्या घरात आदल्या दिवसापासून धुसफूस होती. सासूबाई म्हणत होत्या, एक लेकरू गेलं, आता हे एकच राहिलं. त्याला त्या माणसाच्या हाती देऊ नको. दीर काही ठरवत नव्हते. बाईंनी मुलाला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "तू संगं चल. तुला त्याची बोली समजती."

त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या. तोंडावर पदर ओढलेला, मूल छातीशी. टीकेवाल्यानं हात पुढे केला.

"लाव माँ. कुछ नै होता."

"काहीच व्हत न्हाई?" बाईंनी विचारलं.

"बिलकुल नै."

"मंग शेठानीच्या नातवाला ताप कशाचा आल्ता? हिच्या पोराचा हात काहून सुजला व्हता?"

शेजारीण बाजूला उभी होती. तिला हे बोलणं मिळाल्याचा आनंद झाला. "आता बोल की," ती म्हणाली.

टीकेवाल्यानं हातातली नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, आणि ते मी बायकांसाठी मराठीत सांगत गेले, की पूर्वी मी खरं सांगत होतो. ताप येईल, हात दुखेल, सगळं सांगायचो. अर्धं गाव दारं लावून घ्यायचं. वर साहेबाला तोंड दाखवायचं असतं, नळ्या वाया जातात. म्हणून सांगायचं सोडलं. ताप तर दोन दिवसांत उतरतो, मग सांगून भिववायचं कशाला.

"तुम्ही सांगितलं असतं," बाई म्हणाल्या, "तर मी पानी घातलं नसतं."

त्याला आधी समजलं नाही. मी सांगितलं. मरीआईच्या ओट्यावरचं पाणी, कोरे हात, चैत्र. मी थोडक्यातच सांगितलं. तो चटईवर बसून ऐकत होता आणि मधेच त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "कित्ते बच्चे?" त्यानं विचारलं. मग बाईंना म्हणाला, "मेरे को माफ करो माँ." बाईंनी तेही ऐकलं आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. आता काय काय व्हईल ते सांगा. काही ठिवू नका."

त्यानं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय, आठव्या दिवसाच्या आसपास काय. ताप येईल. मूल किरकिरेल, दूध कमी घेईल. काखेत गाठ येईल. आणि हे सगळं झालं तरच टोचणं लागलं असं समजायचं. हात कोरा राहिला तर काहीच झालं नाही, पुन्हा टोचायचं. पाणी, पाला, लोणी काही लावायचं नाही, त्यानं दवा धुऊन जाते. अगदी क्वचित एखाद्या मुलाचं जास्तही होतं, जखम चिघळते, हेही त्यानं बाईंनी विचारल्यावर सांगितलं.

मी एकेक वाक्य मराठीत म्हणत होते आणि बायका निघून जात होत्या. "आता सोता सांगून राह्यला ताप येतो म्हून," शेजारीण म्हणाली, "आन् तरी टोचून घ्यावं? मी चालले." तिच्यामागं आणखी काही गेल्या. टीकेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. बघा, मी म्हणत नव्हतो का, असं त्याच्या तोंडावर होतं. शेवटी आम्ही पाच-सहा जणीच राहिलो.

बाईंनी मुलाचा दंड उघडा केला.

पुढचे दिवस मला त्या चैत्रापेक्षा जड गेले. चैत्रात आम्हाला आशा होती. आता आम्ही फक्त त्या दंडाकडे बघत होतो. लाल टिपका आला. त्यात पाणी धरलं. शेजारपाजारच्या बायका काही ना काही निमित्तानं येत आणि दुपटं बाजूला करून बघून जात. मग एका दुपारी मुलगा तापला. अंग भाजत होतं, दूध घेईना. सासूबाई कळशीत पाला घालून घेऊन आल्या.

"थोडं घाल गं. निसतं टिपल्यावानी."

"न्हाई आत्याबाई."

"लेकरू तापलंय. तुला दिसून राह्यलं का न्हाई?"

"तापू द्या. तापल म्हून सांगितलंय त्यानं."

"आन् त्यानं सांगितलेलं खोटं निगालं म्हंजे?"

"मागल्या टायमाला खोटं निगालं," बाई म्हणाल्या. "ह्या टायमाला अजून तरी बराबर हाये."

सासूबाईंनी कळशी उंबऱ्याशी ठेवली आणि तिथेच बसून राहिल्या. त्यांनाही ती आत आणवेना आणि उचलून नेववेना. बाई भिंतीला टेकून मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विस्तवाजवळ बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते घाबरलेलं नव्हतं. काही तरी मोजावं तशी त्यांची नजर त्या फोडावर होती.

दोन दिवसांनी ताप उतरला. मुलानं पोटभर दूध घेतलं आणि झोपला. फोडाभोवतीची लाली ओसरून मधे काळं धरू लागलं होतं. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, दीरही येऊन डोकावून गेले. बाईंनी मुलाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी मागे गेले. त्या कडब्याच्या गंजीमागे जमिनीवर बसल्या होत्या. रडत होत्या, पण आवाज नव्हता. पदर तोंडात धरलेला.

मी जवळ बसले.

"समदं बराबर झालं गं," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगितल्यापरमानं. येक बी कमी-जास्त न्हाई."

"मंग रडता काहून, बाई?"

त्यांनी पदर तोंडातून काढला. "मंग तिचं बी झालं असतं," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे त्या पाण्यानंच मुलगी गेली, ह्याची खात्री त्यांना आतापर्यंत नव्हती. संशय होता, शेठाणीचं सांगणं होतं, टीकेवाल्याचं होतं. माणसाचं बोलणं खोटं असू शकतं, एवढी एक फट त्यांना राहिली होती. मुलाचा हात उठला आणि ती बुजली. मुलगा वाचला होता, आणि त्याच्या दंडावरचा तो फोड मुलीबद्दलची साक्ष देत होता. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणं मला जमलं नसतं. त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.

खपली गळून वण दिसायला लागला तेव्हा निघून गेलेल्यांपैकी काही जणी आपली मुलं घेऊन धावड्याला चालत गेल्या. टीकेवाला तेव्हा तिथे होता. शेजारीण गेली नाही. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की आमच्या घरानं एक लेकरू देवीला देऊन दुसरं सोडवून घेतलं.

त्यानंतर दर हिवाळ्याला टीकेवाला आला की बाई चावडीपाशी जाऊन बसत. तो आमच्या गावात आता आधी सगळं सांगे. दुसऱ्या गावांत काय सांगत असेल, मला माहीत नाही. पण त्याच्या सांगण्यावर बायकांचा भरवसा बसत नसे. त्या बाईंकडे बघत. बाई नव्या आयांना एकेक दिवसाचं सांगत, मुलाचा दंड उघडा करून वण दाखवत. आणि दर वेळी एक तरी कुणी विचारीच, "पन तुमच्या पोरीला बी टोचलं व्हतं ना?"

"व्हय," बाई म्हणत. "मी पानी घातलं."

आवाज सपाट असे. पुढे काही जोडत नसत, सफाई देत नसत. ते ऐकल्यावर बाई खोटं बोलत असतील असं कुणाला वाटत नसे. मी पहिल्या वर्षी त्यांना म्हणाले होते, हे नका सांगू, नुसता वण दाखवा. त्या म्हणाल्या, "निसत्या वनानं इस्वास बसत न्हाई गं." मी पुन्हा तो विषय काढला नाही. निजामाचं राज्य गेलं, टीकेवाला गेला, दुसरे आले, पायजमे-शर्ट घातलेले, मराठी बोलणारे. बाई जात राहिल्या. पुढे देवीचा आजारच संपला आणि टोचणं बंद झालं, तेव्हा त्यांचं ते जाणं थांबलं.

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. मुलगा आता म्हातारा झाला आहे, त्याला नातवंडं आहेत. त्याला एक बहीण होती हे त्याला माहीत आहे, पण त्यानं तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटो नाही. तिला पाहिलेलं माणूस आता मी एकटीच आहे.